कूळ नको, पाठ दाखवा

माणूस समोर आला की आपण आधी त्याचं तोंड बघतो. आमचे डॉक्टर आधी पाठ बघायचे. ताप असो, जुलाब असोत, बोटात पत्रा घुसलेला असो, माणूस दवाखान्यात शिरला की खुर्चीतून न उठता ते म्हणायचे, "सदरा काढा."

"डॉक्टर, पाय दुखतोय."

"पाय कुठे पळून जात नाही. सदरा काढा."

तो बिचारा लंगडत लंगडत सदरा काढायचा. डॉक्टर त्याला गोल फिरवायचे, पाठ बघायचे, कुशी बघायचे, हात वर करायला लावून काखा बघायचे, एक लांबलचक जांभई द्यायचे आणि म्हणायचे, "काही नाही. हं, आता पाय." एखादा मोठ्या घरचा माणूस आला आणि मी अमक्या पाटलांचा भाचा, तमक्या साहेबांचा मेहुणा असं सुरू झाला, तर त्याला मध्येच तोडून म्हणायचे, "कूळ नको, पाठ दाखवा."

पिंपरीत मोठे कारखाने नुकते उभे राहायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका कारखान्याच्या बांधकामावर पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांसाठी दवाखाना होता आणि मी तिथे नर्स होते. साताऱ्याकडून पोटासाठी आलेली. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, वाऱ्याबरोबर सिमेंटची धूळ आत यायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत रांग काही सरायची नाही. त्या दिवसांची आठवण निघाली की आजही आधी माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात, माणसं मागून आठवतात. पण डॉक्टर पोटऱ्यांबरोबरच आठवतात, कारण निम्मी रांग त्यांच्या त्या पाठी बघण्यामुळे तुंबलेली असायची.

उंच माणूस, खांदे पडलेले, डोळ्यांखाली पिशव्या. कामानं दमलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सकाळी आठ वाजता दमून येणारा हा एकच. एकदा मी विचारलं, "डॉक्टर, रात्री झोप झाली नाही का?"

"झाली ना. तीच तर दमवते," ते म्हणाले. त्यात विनोद होता की नव्हता, मला अजून कळलेलं नाही.

ते शोधायचे काय, तर डाग. जन्मापासूनचे किंवा लहानपणी उमटलेले, फिकट तपकिरी, सपाट डाग. त्यांच्या इंग्रजी पुस्तकात त्या रंगाला दूध घातलेल्या कॉफीचं नाव दिलेलं होतं. आता पिंपरीत त्या काळी कॉफी पीत कोण होतं? मला समजावून सांगताना त्यांची पंचाईत व्हायची. मग त्यांनी निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी चहावाल्याला कामाला लावलं. चहा यायचा, ते ग्लास कुणाच्या तरी पाठीशी नेऊन धरायचे, मान हलवायचे आणि परत पाठवायचे, "दूध थोडं वाढव." पुन्हा यायचा. "आता पत्ती कमी झाली." शेवटी एक दिवस तो चहावाला स्वतः आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, ये चाय पीने की है या देखने की?" डॉक्टरांनी त्याचाही सदरा काढायला लावला.

"एखाद-दुसरा डाग कुणालाही असतो," ते मला सांगायचे. "देवाच्या हातून चहा सांडला म्हणायचं आणि विसरायचं. पण पाच-सहाच्या वर गेले, की माझं लक्ष वेधलं जातं. मग तो माणूस नीट बघावा लागतो. पुढे कातडीखाली मऊ गाठी येतात. कुणाचा कणा वाकतो, कुणाच्या डोळ्यात घोटाळा होतो, कुणाला झटके येतात. आणि कुणाला आयुष्यभर काहीसुद्धा होत नाही. पुष्कळदा आईकडून नाही तर बापाकडून आलेलं असतं."

"औषध काय त्याच्यावर?"

"औषध नाही."

"मग बघून उपयोग काय?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "औषध नाही म्हणून बघायचंही नाही का, सिस्टर?"

मी चिडले. बाहेर उन्हात रांग ताटकळत होती आणि हा माणूस ज्याच्यावर औषध नाही असले रोग शोधत बसला होता. मी तोंडावर काही बोलले नाही, पण त्या दिवशी ट्रे जरा जोरातच आपटला. त्यांना तो ऐकू आला नसावा, डोळे मिटून बसले होते.

दवाखान्यापुरतं असतं तरी एक वेळ ठीक होतं. एकदा पुण्याहून एसटीनं येताना पुढच्या बाकावर एक बाई पोराला घेऊन बसली होती. पोराच्या पोटरीवर डाग दिसला म्हणून डॉक्टर वाकले आणि पोराचा पाय उचलून बघायला लागले. बाईनं आरडाओरडा केला. "मी डॉक्टर आहे, मी डॉक्टर आहे," असं हे म्हणत राहिले, पण चुरगळलेला कोट आणि वाढलेली दाढी बघून कुणाचा विश्वास बसेना. लोकांनी त्यांना दापोडीलाच उतरवलं. तिथून चालत दवाखान्यात आले, घटाघटा पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "एकच होता. उगाच उतरवलं."

त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. चिंचवडचा एक बाप लग्नाची मुलगी घेऊन आला होता. तिच्या मानेवर रुपयाएवढा एकच डाग, बघायला आलेल्यांनी नाक मुरडलं, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यावर बिब्बा लावला होता. कातडी जळून लाल झाली होती, पू झाला होता. डॉक्टर उभे राहिले. "डाग होता तो निरुपद्रवी होता. जखम तुम्ही केलीत," असं त्या बापावर ओरडले आणि मग एकदम गळून खाली बसले. "मुलाकडच्यांना माझ्याकडे पाठवा. म्हणावं, आधी तुमच्या मुलाची पाठ दाखवा, मग मुलीच्या मानेचं बोलू." मुलाकडचे कशाला येतात? पण मुलगी मात्र पट्टी बदलायला आली की डॉक्टरांकडे बघून हसायची. त्या दवाखान्यात हसून येणारी तेवढी एकच.

त्यांना हे वेड का लागलं, याच्यावर लोकांनी पुष्कळ डोकं खाजवलं. कुणी म्हणे त्यांचं स्वतःचं मूल असंच गेलं, कुणी म्हणे विलायतेला जायचं होतं ते राहिलं, म्हणून डोक्यावर परिणाम झाला. मी विचारलं नाही. प्रत्येक माणसाच्या विक्षिप्तपणामागे दुःखच असलं पाहिजे, असा काही कायदा नाही. काहींना टपाल तिकिटं जमवायचं वेड असतं, यांना पाठी बघायचं होतं. तीनेक वर्षांनी ते दुसरीकडे कुठेतरी गेले. निरोपाला साहेबांनी भाषण केलं आणि डॉक्टर गळ्यातल्या हारासकट खुर्चीत झोपी गेले.

पण मोशीच्या किसनाचं सांगितल्याशिवाय डॉक्टरांचं चित्र पुरं व्हायचं नाही.

किसना बांधकामावर मजुरीला लागला, तेव्हा त्याच्या पाठीवरचे डाग दुसऱ्या गड्यांनी बघितले आणि महारोग आहे म्हणून बोभाटा केला. रांजणातलं पाणी त्याच्या हातून कुणी घेईना. मुकादम त्याला घेऊन दवाखान्यात आला, म्हणाला, "डॉक्टर, याला घालवा. नाहीतर बाकीचे काम सोडून जातील."

डॉक्टरांनी किसनाला जमिनीवर पालथं झोपवलं, त्याच्या डोळ्यांवर त्याचंच मुंडासं बांधलं आणि एकेका डागाला आधी कापूस लावला, मग सुई टोचली. दारात गर्दी जमली होती. प्रत्येक सुईला किसना ओरडायचा, "आयाई! आता हितं! आता हितं!"

"ऐकलंत?" डॉक्टर दाराकडे बघून म्हणाले. "महारोगाच्या चट्ट्याला सुई कळत नाही. याला दर वेळी कळतेय. आणि ते चट्टे कातडीपेक्षा फिके असतात, हे गडद आहेत. मुकादम, या आता तुम्ही. सदरा काढा."

मुकादमाच्या कमरेवर तळहाताएवढा एक डाग निघाला. गर्दी हसायला लागली. "तुमचा एकच आहे, तुम्ही खुशाल घरी जा," डॉक्टर म्हणाले. "याचे जास्त आहेत. याला मी अधूनमधून बघणार. पण याच्या हातचं पाणी प्यायल्यानं कुणाला काही होत नाही."

सगळे पांगल्यावर त्यांनी किसनाच्या पाठीवरून बोटं फिरवली. दोन-तीन मऊ गाठी हाताला लागल्या. "लग्न झालंय?"

"व्हय जी. बायकू पोटुशी हाय."

"मूल झालं की मला आणून दाखव. हे डाग घराण्यातून येतात."

"न्हाई डॉक्टर," किसना सदरा घालता घालता समजुतीनं म्हणाला. "माझं गिराणाचं हायेत. मी आईच्या पोटात व्हतो तवा गिराण लागलं व्हतं. आईच्या हातनं कायतरी चिरलं गेलं आसंल."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, बाहेरच्या रांगेकडे बघितलं आणि हात हलवून म्हणाले, "बरं बाबा. जा."

पुढे ते मला म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी मी त्याच्याशी वाद घालायला हवा होता. दमलो होतो."

हे ते म्हणाले त्याला कारण घडलं. किसनाची बायको हौसा दिवसात असताना खरोखरच एक ग्रहण येऊन गेलं होतं. पुढे मुलगा झाला आणि काही महिन्यांत त्या पोराच्या अंगावर तपकिरी डाग दिसायला लागले. किसनाची आई, मोशीची म्हातारी, एका शब्दावर अडून बसली: हिनं ग्रहणात विळी हातात धरली आणि आता खोटं बोलतेय. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, हिला माहेरी पाठवायची, किसनाला दुसरी करायची. चाकणला एका घरी बोलणीसुद्धा सुरू झाली होती. हौसाचा भाऊ तिला न्यायला आला. तिचं माहेर वडगावच्या पुढे, आगगाडी धरायची पिंपरीला. बैलगाडी मोशीहून निघाली, तेव्हा किसनानं एवढाच हट्ट धरला की, "वाटंत डॉक्टरला एकदा दावू. मग तुला काय करायचं ते कर, आई."

अशी ती सगळी मंडळी दुपारच्या वेळी आमच्या दारात उतरली. हौसा एकोणीस-वीस वर्षांची असेल. डोळे रडून सुजलेले, पण आता रडत नव्हती, तिचं रडणं संपलं होतं. भावाच्या हातात तिचं गाठोडं. म्हातारी ताठ, नाकात नथ, आणि नातू तिच्या कडेवर. सुनेला घालवायला निघाली होती, पण पोराला काही खाली ठेवत नव्हती. गाडीत बसेपर्यंत तो आपला, अशी त्याला धरून होती. मला तिचा राग आला आणि तिच्या हाताकडे बघून तो राग नीट येईनासाही झाला.

डॉक्टरांनी पोराला म्हातारीच्या मांडीवरच ठेवून बघितलं. पाठ, पोट, जांघा, काखा. चहा लागला नाही. त्यांच्या तोंडावरूनच मला कळलं.

"त्याला तेच आहे, जे किसनाला आहे," ते म्हणाले.

"मंग? मी काय म्हणतीया?" म्हातारी म्हणाली. "गिराणच हाय ते."

"म्या हात बी हालवला न्हवता, आत्याबाई," हौसा दारातून म्हणाली. "अंधारात बसले व्हते. पानी सुदिक प्याले न्हाई. देवाची आन."

"आन समद्याच घेत्यात," म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली.

पोरानं तेवढ्यात आजीच्या पदराला हात घातला आणि ओढला. पदर दंडावरून सरकला. म्हातारीनं लगबगीनं तो वर घेतला, पण डॉक्टरांची नजर तिथे गेली होती. चोळीच्या बाहीखाली मटारच्या दाण्यांएवढ्या मऊ गाठी होत्या, बऱ्याच.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आत म्हातारी, तिच्या मांडीवर पोर आणि मी.

"आजी, हे दंडावर काय आहे?"

"वाताच्या गाठी हायेत. म्हाताऱ्या मान्साला येत्यात."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. किसना पोटात व्हता तवा वाढल्या."

"पाठ दाखवा."

"परक्या बाप्यापुढं?" म्हातारी उठायलाच लागली. मी तिला पडद्याआड नेलं, म्हटलं, मला दाखवा, डॉक्टर तिकडेच बसतील. तिनं पुष्कळ वेळानं चोळीची गाठ सोडली. उन्हानं रापलेल्या, सुरकुतलेल्या पाठीवर ते डाग होते. एरवी कुणाला दिसलेही नसते. पण मी तोवर इतक्या पाठी पाहिल्या होत्या की ओळखायला मला ग्लास लागला नाही.

"आहेत, डॉक्टर," मी पडद्याआडून म्हटलं.

पडद्यापलीकडून जांभई ऐकू आली नाही. म्हातारी परत येऊन बसल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यापुढे बसले. रोग्याच्या जवळ जाऊन बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"आजी, हे रक्तातून येतं. तुमच्याकडून किसनाला आलं, किसनाकडून या पोराला. सुनेचा काही संबंध नाही. ग्रहणाचाही नाही. तुम्हीच सांगा, सुनेनं विळी धरली म्हणता, मग किसनाच्या वेळी तुम्हीही विळी धरली होतीत का?"

म्हातारी पोराच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "इळी न्हाई. सुई धरली व्हती."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"चोळीची शिवन उसवली व्हती. गिराण लागल्यालं, समदी भायेर. म्हटलं कोन बघतंय? दोन टाकं घातलं. मंग किसनाच्या अंगावर डाग आलं. सासूनं इचारलं, तर देवाची आन घेतली, म्हटलं, म्या कायबी धरलं न्हवतं." तिनं पोराला जवळ ओढलं. "खोटी आन घेतली. आजपतुर कुनाला सांगितलं न्हाई. किसना उघडा बसला की मला त्येच्या पाठीकडं बघवत न्हाई. म्हनून मला वाटलं, ही बी माझ्यावानीच खोटी आन घेती."

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. त्या बाईनं दोन टाक्यांपायी सगळी जिंदगी मुलाच्या पाठीकडे न बघता काढली होती, आणि मी मघाशी तिच्यावर रागावले होते.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या सुईनं काहीही झालं नाही. ती धरली नसती तरी हेच झालं असतं. तुमच्या आईवडिलांच्या अंगावर होते का असे?"

"बाच्या पाठीवर व्हतं कायतरी. पर त्येचं कोन बघतंय? बाप्या मानूस!" मग तिनं एकदम मान वर केली. "पोर मरंल का, डॉक्टर?"

"तुम्ही मेलात का? साठी गाठलीत की." खोटा धीर द्यायला डॉक्टरांना जमत नसे. "बहुतेक काही होणार नाही. पण होऊही शकतं. म्हणून दर वर्षी मला दाखवायचं. कुठली गाठ भरभर वाढली, दुखायला लागली, पोराला नीट दिसेना, पाठ वाकडी वाटली, झटका आला, तर तडक घेऊन यायचं. बिब्बा लावायचा नाही. आणि लपवायचं नाही."

"भायेर काय सांगनार तुमी?"

"सुनेकडून आलेलं नाही, एवढं मी सांगणार. कुणाकडून आलं, ते मी बोलणार नाही. तुमच्या अंगाचं आहे, ते तुमच्याजवळ."

म्हातारी उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. एवढ्याशा पत्र्याच्या खोलीत ती इतका वेळ थांबली की डॉक्टरही उठून उभे राहिले. बाहेर किसना मान खाली घालून बसला होता, भाऊ गाठोडं घेऊन उभा होता आणि हौसा गाडीच्या चाकाला टेकली होती. रांगेतली माणसं दाराकडे बघत होती. म्हातारीनं पदर खांद्यावर टाकला, चोळीची बाही दंडावर पार वरपर्यंत सारली आणि तो गाठीगाठींचा दंड सगळ्यांसमोर तसाच उघडा ठेवून पायरी उतरली.

"पोरगं माझ्यावर गेलंय," ती हौसाला म्हणाली आणि पोर तिच्या हातात दिलं.

हौसाला काही कळलं नाही. किसना उठून उभा राहिला. म्हातारीनं त्याला पाठमोरं वळवलं, सदऱ्यावरूनच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहू दिला. मग भावाकडे गेली, त्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं आणि परत बैलगाडीत ठेवलं.

"आलाच हायेस तर घरी चल," ती त्याला म्हणाली. "जेवून जा."